एक हिवाळा वी हेवीचा

पहिली फजिती पबमध्ये झाली. एडिनबरात येऊन तीन महिने झाले होते. ऑक्टोबरचा वारा सुटला होता, आणि स्कॉटलंडची खरी ओळख म्हणजे जड, गोडसर, माल्टची (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) बिअर, तिला 'हेवी' म्हणतात, एवढं अर्धवट ज्ञान माझ्यापाशी होतं. काउंटरवर जाऊन मी रुबाबात "हेवी" मागितली. पिंटभर तांबूस बिअर समोर आली. प्यायले, संपली, काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर टेबलावर हशा पिकला. इथे 'हेवी' म्हणजे जेमतेम साडेतीन-चार टक्क्यांची, रोज संध्याकाळी प्यायची बिअर. मला हवी होती ती 'वी हेवी'. 'वी' म्हणजे छोटी. म्हणजे नुसती 'जड' ती हलकी, आणि 'छोटी जड' ती खरी जड.

नावाचा उगम मात्र सरळ आहे. एडिनबरापासून जवळच समुद्रकाठी प्रेस्टनपॅन्स नावाचं गाव आहे. तिथली फाउलर्स ही ब्रुअरी आपली कडक एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) पिंटाच्या एक तृतीयांश मापाच्या, म्हणजे सुमारे १९० मिलीच्या बाटलीत विकायची. बाटली छोटी, ऐवज जड. फाउलर्स गेली, नाव सगळ्या जातीला चिकटलं. दुसरी पद्धत शिलिंगांची: साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. एकोणिसाव्या शतकात बिअरच्या पिंपाला जी किंमत पडायची तेच बिअरचं नाव. जास्त शिलिंग, जास्त कडक. १९७१ साली शिलिंग व्यवहारातून गेले, पण पबच्या पाटीवर 'एटी शिलिंग' अजून दिसतं. आपल्याकडे चाराण्याचं नाणं गेलं तरी 'चाराणे अक्कल' राहिली, तसंच.

ऑफिसातल्या चौघांचा एक गट महिन्यातून एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसायचा. वर्गणी काढून चार बाटल्या आणायच्या, प्रत्येकाला ऐंशी-ऐंशी मिली, एक ब्रेड, एक जुनं चेडर चीज, पाण्याचा जग. मी पाचवी. त्यातला एक जण घरी बिअर करणारा. एकूण नियम कडक: अत्तर लावून यायचं नाही, आधी तासभर कॉफी नाही, सगळ्यात कडक बाटली शेवटी.

पुण्यात नोकरीला असताना 'स्ट्राँग' म्हणून जी बिअर मी प्यायले होते तिचा अर्थ एकच होता: ग्लास बर्फासारखा थंड करायचा, म्हणजे चव कळत नाही, आणि लवकर संपवायची. टक्केवारी इथल्याइतकीच. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी बाटल्या फ्रिजमधून काढून थेट ओतायला लागले तेव्हा यजमानाने माझा हात धरला. बाटल्या पाऊण तास ओट्यावर राहिल्या. ही बिअर बारा अंशांच्या आसपास प्यायची. मला वाटलं, उगाच सोवळं आहे. मग त्याने एकच बिअर दोन ग्लासांत दिली, एक चार अंशांवरची, एक बारा. पहिलीला गोड पाण्याचा वास. दुसरीला इतका वास की ग्लास तोंडाला लावायच्या आधीच मी मागे सरकले. अवघी दोन मिनिटांची गोष्ट, पण त्या हिवाळ्यात मी जे काही शिकले त्याचा अर्धा भाग त्यातच आला.

उरलेला अर्धा भाग जास्त छळणारा होता. प्रत्येकाच्या हातात एक कागद असायचा: रंग, फेस, वास, चव, अंग म्हणजे दाटपणा, मागे राहणारी चव. बाकीचे भराभर लिहायचे: टॉफी, प्लम, शेरी, फ्रूटकेक. मी टॉफी खाल्ली होती, पण टॉफी माझ्या आठवणीत नाही. प्लम केक लहानपणी आमच्या गावात कुणी पाहिलाही नव्हता. शेरी तर चाखलेलीच नव्हती. मग मी काय केलं, तर नेटवर वाचलेलं लिहिलं: 'पीटचा धूर', म्हणजे दलदलीतली माती जाळतात तिचा. स्कॉटलंड म्हणजे धूर, एवढं व्हिस्कीवरून ठाऊक होतंच. बिअर करणारा माझा कागद वाचून हसला नाही, हेच जास्त लागलं. म्हणाला, यात पीट नाही. पारंपरिक स्कॉच एलमध्ये पीटवर धुरावलेला माल्ट घालत नाहीत, ती अलीकडची आणि बाहेरची हौस. चिमूटभर भाजलेली बार्ली असते, तिचा करपट वास कधी धुरासारखा वाटतो. आणि बऱ्याचदा माणूस जे शोधायला बसतो ते त्याला सापडतं.

त्याच रात्री त्रिकोणी परीक्षा घेतली. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी ओळखायची. सहा फेऱ्यांत मला दोन ओळखता आल्या. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेवढ्याच आल्या असत्या.

नोव्हेंबरात गाडी रुळावर आली ती धन्यांमुळे. त्या दिवशीच्या बाटल्या होत्या डनबारच्या बेलहेवनची साडेसहा टक्क्यांची वी हेवी, मॅकयुअन्सची चॅम्पियन, ऑर्कनी बेटांवरची साडेआठ टक्क्यांची स्कल स्प्लिटर, म्हणजे कवटीफोडी (हे नाव बिअरच्या परिणामावरून पडलेलं नाही, तिथल्या सातव्या व्हायकिंग अर्लचं, म्हणजे सरदाराचं, ते टोपणनाव होतं, म्हणे) आणि एक चौथी, लेबल झाकलेली. चौथीला नाक लावलं आणि तोंडातून मराठीच निघालं: "धने!" सगळे बघायला लागले. त्यांच्या कागदांवर 'संत्र्याची साल', 'मसाला' असं काहीबाही होतं. मी ठामपणे म्हटलं, धने आहेत, आणि भाजलेले नाहीत, कच्चे. लेबल उघडलं. ट्रॅक्वेअर ब्रुअरीची जॅकोबाइट एल, आठ टक्के, स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या १७४५ च्या जॅकोबाइट उठावाला अडीचशे वर्षं झाली म्हणून १९९५ साली काढलेली. आणि हो, धने घातलेली.

त्या दिवसापासून मी कागदावर मराठीत लिहायला लागले. खारीक. काळ्या मनुका. नाचणीचं सत्त्व (आणि यात नवल नाही, सत्त्वासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवतात, माल्टसाठी बार्लीचं म्हणजे आपल्या सातूचं तेच करतात). पोळीचा जरा जास्त भाजलेला पापुद्रा. आणि जवळजवळ प्रत्येक बाटलीपुढे एक शब्द, काकवी. बाकीच्यांनी विचारलं, हे काकवी म्हणजे काय? मोलॅसिस म्हटलं तर खोटं झालं असतं. मोलॅसिस ही साखर काढून उरलेली मळकट गोष्ट, काकवी हा अख्खा उसाचा रस आटवलेला.

इथे जरा गावाकडे जाते. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं. दिवाळीनंतर चुलवाण पेटायचं, चिपाडांचा जाळ, वर मोठी काहील. आम्ही पोरं उसाचं कांडं काकवीत बुडवून चोखायचो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, रसाच्या बुडबुड्यांकडे बघून सांगायचा, अजून नाही, अजून नाही, आता उतरवा. मिनिटभर उशीर झाला की ढेप काळी. तो काळसर गूळ बाजारात पडेल भावाने जायचा आणि आम्हाला तोच आवडायचा.

बिअर करणाऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मग शनिवारी ये, आपण काहील लावू. ही युक्ती घरगुती ब्रुअर मंडळींची लाडकी आहे. सगळ्या ब्रुअऱ्या असं करतात असं नाही. आठ किलो फिका माल्ट, दीडशे ग्रॅम भाजलेली बार्ली, सगळं गरम पाण्यात तासभर भिजवून त्याचा गोड रस काढायचा. पहिला, सगळ्यात दाट चार लिटर रस वेगळ्या पातेल्यात घेऊन एक लिटर होईपर्यंत आटवायचा आणि परत मोठ्या भांड्यात ओतायचा. ढवळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

जायच्या आधी मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला होता. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, वारी. बिअरचा विषय काढायची सोय नव्हती. म्हणून नुसतं विचारलं, रस आटवताना कडेला का करपतो?

"मधे रस वर खाली होतोय. कडेला पातळ थर, तिथं हलत न्हाई, म्हणून लागतो. ढवळणाऱ्यानं कडेवर लक्ष ठेवायचं, मधे बघायचं न्हाई," अण्णा म्हणाले. मग थांबून, "का गं, तिकडं गुऱ्हाळ टाकतीस का काय?"

मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी मी कडेवर लक्ष ठेवलं. रस आधी चहासारखा होता, तासाभराने मधासारखा, मग बुडबुडे बदलले. छोटे, फुटफुटणारे होते ते मोठे आणि आळशी झाले. हे बुडबुडे मी ओळखत होते. "आता," मी म्हटलं आणि पातेलं उतरवलं. तो तापमापक काढत होता, मी त्याच्या आधी. इथे शास्त्राची एक गोष्ट त्याने सांगितली ती मला आवडली: रसात पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे हा रंग आणि खरपूसपणा साखर करपून येत नाही. तो साखर आणि अमिनो आम्लं यांच्या मेयार अभिक्रियेचा, म्हणजे तव्यावर भाकरीला डाग पडतात त्याच जातीचा.

हॉप्स (बिअरला कडू करणारी फुलं) थोडेच घातले, कडवटपणा गोडीला फक्त आवरून धरेल इतके. (स्कॉटलंडात हॉप्स पिकत नाहीत म्हणून इथले लोक कंजुषी करत, अशी एक गोष्ट सगळे सांगतात. जुन्या ब्रुअऱ्यांच्या नोंदवह्या पाहिलेल्या अभ्यासकांनी ती खोडून काढली आहे, तरी ती चालूच आहे.) सुरुवातीची घनता (पाण्याची १ धरून) १.०८५ भरली. यीस्ट घालून पिंप त्याच्या मागच्या गारठलेल्या खोलीत पंधरा-सोळा अंशांवर ठेवलं. गरम खोलीत ठेवलं असतं तर फळांचे वास उधळले असते आणि माल्ट मागे पडला असता. घनता १.०२४ वर थांबली, म्हणजे आठ टक्के. मग बाटल्यांत भरून विसरून जायचं. हे विसरणंच सगळ्यात कठीण. जानेवारीत एक चोरून उघडली तर नुसता दारूचा चटका आणि वर कच्चा गोडवा. फेब्रुवारीत चटका जरा बसला. मार्चमध्ये ती बिअर झाली.

फेब्रुवारीतच त्रिकोणी परीक्षा परत दिली. सहापैकी पाच. चुकली ती फेरी अजून डोक्यात आहे. जुनी, हवा लागलेली बाटली होती आणि तिच्यातला ओल्या पुठ्ठ्याचा वास मी 'जुनं लाकूड' म्हणून गोड मानून घेतला.

एप्रिलमध्ये ट्रॅक्वेअर हाउस हंगामासाठी उघडलं तेव्हा आम्ही बसने निघालो. पीबल्सवरून इनरलेथन, तिथून ट्वीड नदी ओलांडून चालत. स्कॉटलंडमधलं अखंड वस्ती असलेलं सगळ्यात जुनं घर म्हणून ते ओळखलं जातं. अस्वलांचे पुतळे असलेलं मोठं फाटक १७४५ पासून बंद आहे, स्टुअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत उघडायचं नाही असं वचन आहे म्हणे, त्यामुळे आपण बाजूने आत जायचं. मला त्या वचनापेक्षा ब्रुअरीचं कौतुक. अठराव्या शतकातली घरची ब्रुअरी अडगळीखाली गाडली गेली होती. घराचे विसावे लेअर्ड, म्हणजे जहागीरदार, पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांना ती सापडली आणि १९६५ साली त्यांनी ती परत चालू केली. प्रार्थनाघराच्या खाली. बिअर अजून ओकच्या जुन्या पिंपांत आंबते. प्रार्थनाघर वर, ब्रुअरी खाली, हे वाचून मला आधी अण्णांचा चेहरा आठवला.

तिथली हाउस एल ७.२ टक्के. ग्लास हातात धरून गरम होऊ दिला. आधी खारीक, मग भाजलेला दाणा, मग काकवी. आणि गिळल्यावर, अपेक्षा नसताना, कोरडेपणा. सगळा गोडवा जिभेवरून उचलून नेल्यासारखा. आमच्या घरच्या बिअरला हे जमलेलं नव्हतं, ती शेवटपर्यंत गोडच राहिली होती. मी कागदावर लिहिलं: 'गुळव्या इथला चांगला आहे.'

रात्री घरी येऊन अण्णांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. चार लिटर, पातेलं, बुडबुडे, आणि त्या रसाचं पुढे काय झालं तेही. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे आई विचारत होती, काय झालं, काय झालं.

"जाळ कशाचा लावलासा?" अण्णांनी विचारलं.

"गॅस."

"गॅसवर?" अण्णा म्हणाले. "मग काय खरपूस लागणार."