भाद्रपदातली शेवंती

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्यात. अनुराधा नक्षत्रावर उभ्या राहतील, त्याआधी मखराच्या दोन्ही बाजूंच्या माळा पुऱ्या व्हायला हव्यात. दुपारभर क्रेप कागद कापत बसले होते. परभणीत या दिवसांत शेवंती मिळते, नाही असं नाही, पण ती बाहेरगावची आणि भाव ऐकून हात मागे घ्यावा अशी. शिवाय तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळून मखरात नुसता केर.

कागदाची शेवंती करणं अवघड नाही, फसवं मात्र आहे. चार बोटं रुंदीची पट्टी घ्यायची, बुडाशी बोटभर जागा सोडून झालर कापायची आणि तारेभोवती गुंडाळत दोऱ्याने आवळायची. कागदाच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीला धरून याव्या लागतात. आडव्या आल्या तर पाकळीला बाक धरत नाही, ती लोंबकळते. पताकांच्या पतंगी कागदाला तर बाक देताच येत नाही. मग कात्रीच्या पात्यावरून टोक हलकेच ओढायचं. आतल्या पट्ट्या आखूड, पाकळ्या आत वळलेल्या. बाहेरच्या लांब, खाली झुकलेल्या. बहुतेक जणी सगळ्या पाकळ्या एका मापाच्या करतात आणि मग म्हणतात, शेवंती का वाटत नाही? खरं तर शेवंतीची एकेक पाकळी म्हणजे स्वतंत्र छोटं फूल असतं, शेकड्यांनी एका गाभ्यावर दाटीनं बसलेलं. ती दाटी कागदात आणायला पट्टी अजून थोडी लांब घ्यावी लागते, एवढंच.

संध्याकाळी भाऊजी गावाकडून आले. त्यांनी यंदा अर्ध्या एकरात शेवंती लावलीय. म्हणाले, "वहिनी, तुमची फुलं आधी तयार, माझी अजून पाल्यावरच." त्यांचा जीव पावसात अडकलाय. शेवंतीला ओल लागते, पण मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. आणि आपली काळी, भारी जमीन पाणी धरून बसते. मुळं कुजतात, झाड उभ्या उभ्या सुकतं. म्हणून त्यांनी गादीवाफे उंच केलेत, ठिबक टाकलंय, बाजूने चर काढलेत. मागच्या वर्षीच्या झाडांच्या बुडाशी फुटलेल्या काश्या उन्हाळ्याच्या शेवटी लावल्या, महिन्याभराने शेंडे खुडले. शेंडा खुडला नाही तर एकच दांडा वर जातो, फांद्या फुटत नाहीत, आणि फुलं मोजकीच लागतात.

कळी कधी धरायची ते मात्र शेवंती दिवसाच्या लांबीवरून ठरवते. दिवस लहान आणि रात्री लांब होत गेल्या की तिला बहर येतो. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी झाडांची ही सवय मांडली. पॉलिहाऊसवाले तर रात्री दिवे लावून शेवंतीला फसवतात; लांब रात्र मिळाली नाही की ती कळी न धरता नुसती वाढत राहते. कळी धरल्यावरही फूल उमलायला जातीप्रमाणे दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त. भाऊजींचा हिशोब दिवाळीचा आहे, आणि मार्गशीर्षातले गुरुवारही त्यांच्या डोक्यात आहेत. रात्रीची थंडी पडली की रंगही चढतो, असं ते म्हणतात.

गंमत म्हणजे या दमट हवेचा त्रास माझ्या फुलांनाही आहे. पाऊस लागून राहिला की क्रेपचा बाक सैल पडतो, आणि चुकून थेंब पडला तर पिवळा रंग तारेपर्यंत उतरतो. तयार झालेली फुलं मी पत्र्याच्या डब्यात ठेवते.

पांढऱ्या फुलांवरून जाऊबाईंशी वाद चालूच आहे. त्यांना मधोमध पिवळा गोळा हवा. माझं म्हणणं, भरगच्च शेवंतीत तो दिसतच नाही, गाभा हिरवट हवा. आता एकेरी शेवंतीला पिवळा डोळा असतोच, ते त्यांनी बरोबर पकडलंय. एक माळ त्यांची, एक माझी, असं ठरलंय.