मत्तयाच्या १८ व्या अध्यायात मी अकरा आठवडे थांबले

एका वर्षात संपूर्ण बायबल वाचायचं, असं १ जानेवारीला ठरवलं. जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०, एकूण ११८९. म्हणजे रोज तीन-चार अध्याय. उत्पत्तीपासून मलाखीपर्यंतचं, म्हणजे सगळ्या जुन्या कराराचं वाचन कसं झालं ते सांगत बसत नाही, कारण ते झालं. त्यातल्या लेवीय या पुस्तकात बरेच जण हात टेकतात म्हणतात, माझं तेही पार पडलं. मी अडकले ती ऑक्टोबरच्या मध्यावर, नव्या कराराच्या पहिल्याच पुस्तकात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात.

वाचनाच्या तक्त्यावर मला अजूनही राग आहे. रोजचा एक चौकोन, वाचलं की त्यात खूण. आमच्या अभ्यासगटात दर आठवड्याला विचारायचे, "कुठवर आलात?" वाचून काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मी अडकलेय म्हटल्यावर सल्ला मिळाला, "खूण करा आणि पुढे चला, राहिलेलं नंतर बघता येईल." मी पुढे गेले नाही, आणि ते बरोबरच केलं असं आजही वाटतं. तुमचंही कुठे अडलं तर तक्ता बाजूला ठेवा. चुकलेल्या दिवसांची भरपाई करायला एका बैठकीत वीस अध्याय ओढू नका, त्यातलं काहीही आत उतरत नाही.

आता अडलं कुठे ते सांगते. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत औषधं, नर्स, रात्रीची जागरणं, सगळं माझ्याकडे होतं. दादा फोन करायचा, पैसे पाठवायचा नाही. मी एका निळ्या वहीत खर्च लिहायचे. आई गेल्यावर त्या वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज केली, त्याचा अर्धा वाटा वेगळा काढला आणि खाली दोन रेघा मारल्या. तो वाटा माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता. दादाला मी त्यातलं काही सांगितलं नाही. त्याच्याशी बोलणंच कमी केलं. या गोष्टीला सात वर्षं झाली होती.

आणि या सात वर्षांत मी रोज प्रार्थनेत म्हणत होते, "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." मत्तय ६ वाचलं त्या दिवशीही खूण करून पुढे गेले होते. पाठ असलेलं वचन डोळ्यांखालून कसं निसटतं, हे मला तेव्हा कळलं नाही. चार दिवसांनी १८ वा अध्याय आला. शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? प्रभू येशू म्हणतो, सातच्या सत्तर पट. मग दोन देणेकऱ्यांचा दाखला. राजाने ज्याचं दहा हजार तालांतांचं प्रचंड देणं सोडलं, तोच बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा धरतो, शंभर दिनारांसाठी. मी वाचत होते आणि डोळ्यांसमोर त्या दोन रेघा येत होत्या.

पहिले काही आठवडे मी फक्त भांडले. या दाखल्यावरच्या उपदेशात नेहमी ऐकलेलं, की ते शंभर दिनार म्हणजे अगदी क्षुल्लक रक्कम. म्हणजे माझी दोन वर्षंही क्षुल्लक? मी पुस्तक मिटायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान उघडायचे, पुन्हा मिटायचे. प्रार्थनेतल्या त्या ओळीपाशी आता आवाज फुटत नव्हता. ती ओळ गाळून प्रार्थना करायचाही प्रयत्न केला. जमलं नाही.

मग एका रात्री हिशेबच मांडला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्याच २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांचे कष्ट. आठवड्यातून एक दिवस विसावा धरला तर जवळजवळ चार महिने. ही रक्कम क्षुल्लक नाहीच! प्रभूने त्या सोबत्याचं देणं शून्य म्हटलेलं नाही. ते खरं देणं होतं, अंगाला लागणारं. आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. मी तो आकडा वहीच्या त्याच पानावर, माझ्या बेरजेशेजारी लिहिला. ओळीत मावेना, समासात गेला. तिथे मी रडले. सात वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की माझे शंभर दिनार कुणीतरी मोजलेत, आणि मोजून मग मला विचारलंय.

एक राहिलं, वचन हाताने लिहून काढा. नुसतं वाचून मला जे दिसलं नाही ते लिहिताना दिसलं. पेत्राच्या प्रश्नाच्या आधी, १५ व्या वचनात, प्रभू सांगतो की भावाने अपराध केला तर जा आणि दोघंच असताना तो त्याला दाखव. मी ते कधीच केलं नव्हतं. उलट आई असताना एकदा दादाला, कसा आहेस हेसुद्धा न विचारता, "आपला बाप व आपली आई यांचा मान राख" एवढंच वचन पाठवलं होतं. वचन दुसऱ्यावर फेकायचं नसतं, आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचं असतं, हे मी फार उशिरा शिकले.

(सातच्या सत्तर पटीबद्दल आणखी एक. उत्पत्ती ४ मध्ये लामेख सत्त्याहत्तर पट सूडाची बढाई मारतो. तिथे जुन्या ग्रीक भाषांतरात जे शब्द आहेत, तेच मत्तयात क्षमेसाठी आलेत. हे मी जानेवारीत वाचून विसरले होते. म्हणून अडलं की मागेही जाऊन बघा.)

जानेवारीच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर दादाला फोन केला. काय दुखलं ते सांगितलं, आकड्यासकट, आवाज न चढवता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू कधी मागितलेच नाहीस गं. मला वाटलं, तुला माझी गरज नाही." मला ते पटलं नाही. न मागताही कळायला हवं होतं, असं मी त्याला म्हटलंही. त्याने माफी मागितली नाही. पण मी त्याला म्हटलं, दादा, हे देणं मी सोडलं. कुणी मारहाण करत असेल, तर सोडणं म्हणजे पुन्हा त्याच्या हाती सापडणं नव्हे, तिथे आधी स्वतःला सुरक्षित ठेवा. आमचं तसं नव्हतं. आमचं फक्त तोंड बंद होतं.

पुढचं वाचन भरभर झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आलं. एकच अध्याय, २५ वचनं. फिलेमोनाचा पळून गेलेला दास अनेसिम याला परत पाठवताना प्रेषित पौल लिहितो, की याने तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. आणि पुढे, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन.

मी उठून निळी वही काढली. दोन रेघांखाली, स्वतःच्या हाताने, "सोडले" लिहून तारीख घातली. तक्त्यात त्या दिवशीचा चौकोन रिकामाच आहे.