दोघांची पट्टी

माझा धंदा माग चालवायचा, हौस पेटी वाजवायची. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी दोन पॉवरलूम होते. दोन्ही एकदम सुरू केले की आधी एकाच ठेक्यात चालल्यासारखे वाटायचे. मग एक जरासा पुढं सरकायचा, दुसरा मागं राहायचा आणि थोड्या वेळानं दोघांचे धोटे पुन्हा एकत्र आपटायचे. ते ऐकतच मोठा झालो. त्यामुळं असेल, दोघं मिळून गायला बसले की माझं निम्मं लक्ष गाण्यात आणि निम्मं एवढ्यातच असतं, की कोण कुणासाठी जागचा हलतोय.

पेटीवाल्याला ते सगळ्यांच्या आधी कळतं, कारण भांडणं पट्टीवरून होतात आणि पट्टी आमच्या हातात असते.

गेल्या गणपतीतलं सांगतो. गाणारे दोघं. एक रिटायर झालेले गुरुजी, दुसरी बी.एड. करणारी मुलगी. गाणं सिनेमातलं, युगुलगीत.

"काळी एक धरा," गुरुजी म्हणाले.

"मला काळी चार लागते, काका."

"असू दे की. बाईनं जरा वर जायचं असतंय."

ज्यांना पेटीची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा बसतो ती त्याची पट्टी. काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, हा गुरुजींचा सा. तिचा सा काळी चारवर, म्हणजे गुरुजींच्या पंचमावर, पाचव्या सुरावर. गुरुजींच्या सप्तकात उतरायचं म्हटलं तर तिनं काळ्या-पांढऱ्या धरून सात पट्ट्या खाली यायचं, आणि वरच्या काळी एकवर जायचं म्हटलं तर पाच पट्ट्या वर चढायचं. खाली गेली तर आवाज छातीतच राहतो, वर गेली तर अंतऱ्यात किंचाळायची पाळी. गुरुजी दोन पट्ट्या वर सरकून काळी दोनवर आले असते, तर तिला पाचच उतरायला लागल्या असत्या आणि जमून गेलं असतं. मला हे माहीत होतं. पण गुरुजी वयानं मोठे, मंडळाला दरवर्षी देणगी देणारे. मी गप्प राहिलो आणि काळी एक धरली.

ती खालूनच गायली. ध्रुवपदात तिचा आवाज तबल्याखाली गाडला गेला. पहिला अंतरा झाल्यावर मला राहवलं नाही. माझी पेटी स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्यांचा पट्टा सरकवला की सगळे सूर वर-खाली होतात. खटका सोडायचा, अख्खा पट्टा उजवीकडं दोन खाचा सरकवायचा, पुन्हा बसवायचा. मधल्या म्युझिकात चार सेकंद मिळतात तेवढ्यात करू म्हटलं, कशी तरी खूण करून दोघांना वर घेऊ. पट्टा दीड खाचेवर अडकला. एक पट्टी दाबली की शेजारशेजारचे दोन सूर एकदम केकाटायला लागले, माईक तोंडाशी, समोर सगळी गल्ली बसलेली. गुरुजींनी गाणं थांबवलं नाही, पेटीशिवाय पुढं रेटलं, टाळ्याही घेतल्या. खाली उतरताना म्हणाले, "पेटी बदला की आता." ती काही बोलली नाही. माईक ओढणीला पुसून परत दिला आणि गेली. चूक पेटीची नव्हतीच. पट्टी सुरू करायच्या आधी बदलायची असते.

तेव्हापासून बाकीच्या ठिकाणी हे कसं निभावतात ते बघायचा नाद लागलाय.

सनईवाल्यांचा मामला सोपा. सनईचा सा नळीत ठरलेला, तो पिळून बदलत नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ आणि पं. व्ही. जी. जोग यांची सनई-व्हायोलिन जुगलबंदी ऐकताना मला आधी हेच सुचतं, की खुंट्या व्हायोलिनला आहेत, तेव्हा जुळवून घ्यायचं व्हायोलिननंच. एकदा जुळलं की मग कोण वरचढ हा प्रश्न दुसराच.

वरचढीचा विषय निघाला की जुनी माणसं संयुक्त मानापमान काढतात, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं ते संगीत नाटक. 8 जुलै 1921, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. शंभर वर्षं होऊन गेली तरी आमच्या कट्ट्यावर त्या रात्री कोण जिंकलं यावर चहा गार होतो. माझं म्हणणं एवढंच, की नायक-नायिका दोघंही पुरुष असल्यावर पेटीवाल्याचं निम्मं काम हलकं झालं असणार.

गोकाकच्या बाजूला हरदेशी-नागेशीची गीगी पदं, म्हणजे कन्नडमधली सवाल-जवाबाची गाणी ऐकली, तिथं तर पट्टीचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडचा कलगी-तुरा तोच हा. एक बाजू शिवाची, पुरुष श्रेष्ठ म्हणणारी, दुसरी शक्तीची. एक फड डफ-तुणतुण्यावर सवाल टाकून थांबतो, मग दुसरा आपल्या गळ्याला मानवेल त्या सुरात उठतो. एकत्र गायचंच नाही म्हटल्यावर सरकायचं कशाला? माझं कन्नड बाजारापुरतं. अर्थ शेजारच्या अण्णांनी कानात सांगितला, पण जवाब बरोबर लागल्याचं लोकांच्या आरडाओरड्यावरून त्यांच्या आधी कळत होतं.

खानापूरकडं एका ख्रिस्ती लग्नात गेलो होतो. गोव्यातून आलेल्या पाहुण्यांनी मांडो म्हटला, तिकडचं कोकणी गाणं. दोन आवाज एकाच वेळी, एक चाल धरून, दुसरा तिच्या खालून तीन सुरांचं अंतर ठेवून. दोघांचे शब्द एक, सूर वेगळे, आणि कुणी कुणाला दाबत नाही. आपल्या कानाला दोन सूर एकदम म्हणजे चूक वाटायची सवय. घरी येऊन पेटीवर सा आणि ग एकदम दाबून बसलो. बायको आतून म्हणाली, "पुन्हा अडकली काय?"

पण सगळ्यात भारी तोडगा पं. जसराजांचा. बाई-पुरुषाच्या जुगलबंदीत दोघांनीही आपापला सा सोडायचा नाही, पुरुषाच्या मध्यमाला, म्हणजे चौथ्या सुराला, बाईनं सा मानायचं, आणि दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे राग गायचे. जसरंगी म्हणतात त्याला. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांची ऐकली तेव्हा मला आधी खोटंच वाटलं. मग पेटी काढली. घरात असेल तर तुम्हीही काढा. पाचच पट्ट्या घ्या: काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. काळी एकला सा म्हणून वाजवा, अभोगी राग. आता त्याच पाच पट्ट्या, एकही न बदलता, पण काळी तीनला सा मानून वाजवा. कलावती राग! सूर तेच, फक्त घर बदललं. त्या संध्याकाळी जेवण थंड झालं तरी मी काळी एक ते काळी तीन येरझाऱ्या घालत होतो. यातून युगुलगीताचं काम होत नाही म्हणा, तिथं चाल दोघांची एकच असते. पण तरी गुरुजींना घेऊन जाऊन दाखवावं असं मनात आलंय.

या नादात आईला विचारलं, जात्यावर तुम्ही दोघी बहिणी गायचात तेव्हा पट्टी कोण ठरवायचं? आई चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, "जिचा हात जात्यात दाण्यांचा घास घालायला रिकामा नाही ती आधी." खुंट्याला दोघींचे हात, समोरासमोर बसायचं, एकीनं निम्मी ओवी म्हणायची, दुसरीनं ती उचलून पुरी करायची. तोवर पहिलीचा दम परत आलेला.

मावशी निपाणीला असते. मी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं दोघी मिळून म्हणा. नेटवर्क असं, की आईचा शब्द तिकडं पोचायला जरा वेळ, तिकडून यायला आणि जरा वेळ. आरती एकत्र म्हणायला गेल्या तर पहिल्याच ओळीला सगळा गोंधळ. मावशी हसायला लागली, आई रुसली. मग आईच म्हणाली, "थांब गं, तू घे आधी, मी मागनं येते," आणि मावशीनं ओवी घेतली. निम्मी झाली, ती थांबली, फोन क्षणभर मुका राहिला, आईनं दम भरला आणि उरलेली निम्मी उचलली. मी पेटीवर हळूच शोधलं. मावशी पांढरी सहाच्या आसपास, आई जवळजवळ काळी चारवर. पट्टीभर फरक.

मी भाता बंद केला. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही, तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता.