वांधा

माझ्या डायरीत १२ फेब्रुवारी २०२५ च्या पानावर एक ओळ आहे : 'लिलावानंतर काही अडचणी येतात. किरकोळ.' ही ओळ माझ्याशिवाय फक्त एकाच माणसाला माहीत आहे.

टिपणं काढण्यावरच माझं पोट आहे. २००९ साली हिंजवडीत टेस्टर म्हणून लागले, तेव्हा मीटिंगमध्ये 'मिनिट्स कोण घेणार?' असं कुणी म्हटलं की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. खोलीत बाई मी एकटीच. राग यायचा. पण चार वर्षं मिनिट्स लिहून लिहून क्लायंटला नेमकं काय हवंय ते त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळायला लागलं आणि मी बिझनेस ॲनालिस्ट झाले. मुलीच्या वेळी दोन वर्षं घरी, मग नाशिकला परत. इथल्या इंटरव्ह्यूत माझ्या कामाबद्दल दोन प्रश्न झाले आणि 'मुलीला कोण बघतं?' हा एकच प्रश्न तीनदा. आता एका छोट्या कंपनीत मी बीएही आहे आणि प्रोजेक्ट मॅनेजरही. पगार एकाचाच.

जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, ते 'मॅडमना तिकडची भाषा येते' म्हणून. माझं माहेर निफाड तालुक्यातलं हे खरं. पण आम्ही द्राक्षवाले. कांदा आमच्याकडे फोडणीपुरता.

कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टर-पिकअप रांगेत उभे असतात, माल उघडा. समितीचा लिलाव कारकून पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, असे एकेका गाडीशी थांबतात. वरचा कांदा हातात घेऊन बोली होते, मिनिटभरात सौदा ठरतो, कारकून सौदापट्टी फाडतो. गाडी भुईकाट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात. माल रिकामा झाला की पुन्हा काटा, मग हिशोबपट्टी आणि पैसे.

फेब्रुवारीत मी चार दिवस तिथे बसून हा सगळा फ्लो काढला. म्हणजे काट्यापर्यंतचा. खळ्यावर गेले नाही. 'तिकडं कशाला ताई, नुसता फुफाटा,' असं समितीतले लोक म्हणाले, मीही हो म्हटलं. लोकांना सांगताना मी हे 'बाई म्हणून नेलं नाही' असं सांगते, आणि ते थोडं खरंही आहे. पण मुलीची बस साडेचारला यायची आणि ओझरपर्यंतच्या ट्रॅफिकचा भरवसा नव्हता, हेही तेवढंच खरं.

सिस्टीमचा मला अभिमान होता, आजही आहे. कारकून टॅबवर भाव टाकणार आणि त्याच क्षणी शेतकऱ्याला मेसेज जाणार. भाव एकदा टाकला की कुलूप. मागून आकडा फिरवायची सोय कुणालाच नाही, सचिवांनासुद्धा नाही. हे कुलूप मी भांडून घातलं होतं. आमचा डेव्हलपर म्हणत होता, 'एडिटचं बटण ठेवू या, मॅडम, लागतंच.' मी त्याला पारदर्शकतेवर दहा मिनिटं सुनावलं. मार्चमध्ये आठवडाभर चाचणी झाली. हवा कोरडी होती, माल कडक होता, सगळं छान चाललं. सचिवांनी साइन-ऑफवर सही केली.

पूर्ण मार्केटवर सुरू केलं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या मे महिन्यात जिल्ह्यात काय पाऊस झाला ते कांदेवाल्यांना सांगायला नको. काढून ठेवलेला उन्हाळ कांदा शेतात भिजला होता. चाळीत साठवण्यासारखा न उरलेला माल लोक मिळेल त्या भावात काढत होते. वरून चार बोटं सुकलेला कांदा, खाली ओल.

साडेअकराला पहिला फोन. अर्धी गाडी खाली झाल्यावर व्यापाऱ्याने हमाल थांबवले होते. सौदा क्विंटलला ११५०चा, खालचा माल ओला. समितीची माणसं खळ्यावर गेली, दोघांचं ऐकलं, ९०० ठरले. हे तिथे रोजचंच असतं. फक्त माझ्या टॅबमध्ये ९०० टाकायला जागा नव्हती. कुलूप!

एकपर्यंत अशा चाळीस गाड्या अडकल्या. पट्टी निघेना म्हणून पैसे निघेनात, गाड्या हलेनात म्हणून गेटबाहेर रांग. डेव्हलपरने फोनवर तोड काढली : जुना सौदा रद्द करा, नवीन भावाने नवा टाका. डोक्यात प्रकाश पडल्यासारखं मी ते लगेच करायला लावलं. रद्द केल्यावरही मेसेज जातो हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. दहा मिनिटांत सतरा शेतकऱ्यांच्या फोनवर 'आपला सौदा रद्द झाला आहे' पोचलं आणि ती सगळी माणसं ऑफिसच्या दारात. एक आजोबा फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "सौदा रद्द, आन माल पडलाय त्याच्या खळ्यात. मग आता कांदा कोणाचा, बाई?"

सोळा वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुठल्या क्लायंटने विचारला नव्हता. माझ्या डेटाबेसमध्ये त्याला उत्तर नव्हतं.

लिलाव कारकून नाना शांतपणे कपाटातून जुनी पट्टीपुस्तकं काढत होते. मी विचारलं, "नाना, हे असं होतं याला म्हणतात काय?"

"वांधा," ते म्हणाले. "वांधा पडला, म्हणायचं."

तेव्हा मला आठवलं. फेब्रुवारीत चहा घेताना नाना म्हणाले होते, "लिलावानंतर वांधे राहतातच, ताई." आमच्या ऑफिसात सर्व्हर बसला तरी वांधे आणि डबा विसरला तरी वांधे. मी मान डोलावली आणि लिहिलं : काही अडचणी येतात. किरकोळ. मराठी न येणाऱ्या बीएने त्या शब्दाचा अर्थ विचारला असता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रश्न एकच : खर्च कोणाचा? रिक्वायरमेंट आमच्याकडून सुटली असेल तर दुरुस्ती फुकट. त्यांनी सांगितलीच नसेल तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वाढीव कामाचं वेगळं बिल, सव्वा लाखाचं. बीए म्हणून सुटली माझ्याकडून, आणि मॅनेजर म्हणून ठरवायचंही मीच. सरांना डायरी दाखवली. त्यांनी ती वाचून मिटवली आणि परत दिली. "ही कोणी मागितलीये का? साइन-ऑफवर त्यांची सही आहे ना?" म्हणाले. वाईट माणूस नाही. मे महिन्याचे पगार द्यायचे होते, त्यात माझाही. चेंज रिक्वेस्टवर सही माझी आहे.

जून अखेर नवीन स्क्रीन गेली. आता भाव टाकल्यावर सौदा 'कच्चा' राहतो आणि खळ्यावरून होकार आला की पक्का होतो. वांध्याचे तीन निकाल : भाव कमी, वजनात घट, सौदा मोड. प्रत्येकाला कारण आणि नोंदवणाऱ्याचं नाव. यावेळी तीन दिवस खळ्यावर उभी होते, फुफाटा नव्हता, चिखल होता. आजोबांच्या प्रश्नालाही एक रकाना दिलाय : 'माल सध्या कोणाच्या ताब्यात'.

ट्रेनिंगच्या दिवशी नानांनी चष्मा कपाळावर सरकवून टॅब जवळ धरला. "बटणाचं नाव बरोबर ठेवलं, ताई," ते म्हणाले. "हे आमच्याकडूनच सांगायचं राहून गेलं बघा. उगाच तुम्हाला तरास झाला त्यापायी."

"चालायचंच, नाना," मी म्हटलं आणि त्यांना पुढची स्क्रीन दाखवली.