2.5 गिगाबिटचा स्विच बसवला, नेट सुधारलं ते सॉकेटमुळे

नेरूळच्या घरी हॉलमधला पीसी आणि नॅस (नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) आता सेकंदाला 2.5 गिगाबिटच्या केबल नेटवर्कवर आहेत. स्विच (घरातल्या नेटवर्क केबली एकत्र जोडणारा डबा) आणि पीसीचं नेटवर्क कार्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलं, नॅसला यूएसबी अडॅप्टर लावला. भिंतीतली कॅट 5ई दर्जाची नेटवर्क केबल बदलली नाही. 2016 च्या मानकाप्रमाणे 2.5 गिगाबिट याच केबलवर 100 मीटरपर्यंत चालतं.

नॅसवर फोटो टाकताना फरक लगेच जाणवतो. सेकंदाला 110 एमबीच्या (मेगाबाइटच्या) आसपास अडणारी कॉपी आता 280 पर्यंत जाते. रॉ फोटो साठवणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी जरूर घ्यावा.

इंटरनेट मात्र तसूभरही हललं नाही. कनेक्शन 300 एमबीपीएसचं (सेकंदाला मेगाबिट; 8 बिट म्हणजे 1 बाइट), आणि साध्या गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात 940 जातात. अडत होतं कुठे? पिंगचाही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचाही, हिशेब मांडून बघा: 1500 बाइटचं पॅकेट गिगाबिटवर सोडायला 12 मायक्रोसेकंद लागतात, 2.5 वर 4.8. वाचले 7.2. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण 5 लागतात, म्हणजे बचत जेमतेम दीड किलोमीटरची. सर्व्हर ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये असला तरी नेरूळहून त्याच्या कितीतरी पट लांब.

खरा शोध लागला अभ्यासाच्या खोलीत. तिथे स्पीड टेस्ट कायम 94 वर थांबायची. हा आकडा दिसला की खुशाल समजावं, लिंक 100 वरच जोडली गेलीय. फेसप्लेट उघडली. तारांची केशरी आणि हिरवी जोडी व्यवस्थित पंच केलेली (खाचेत दाबून बसवलेली), निळी टेलिफोनच्या जॅकला दिलेली, तपकिरी मागे गुंडाळून ठेवलेली. 100 एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. लँडलाइन केव्हाच बंद झालीय, त्यामुळे दोन्ही टोकांना आठही तारा टी568बी या ठरलेल्या रंगक्रमाप्रमाणे पंच केल्या आणि टेस्ट थेट 300 ला भिडली. जुना स्विच असता तरी हेच झालं असतं. नवीन काही घेण्याआधी आपापली सॉकेट उघडून बघाच.

दुसरी सुधारणा वेग थोडा कमी करून मिळाली. फोटोंचा क्लाउड बॅकअप सुरू झाला की पिंग 100 मिलिसेकंदांच्या वर जायचा आणि व्हिडिओ कॉलवर बायकोचा आवाज तुटायचा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर होतंच. त्यात एसक्यूएम (पॅकेटांच्या रांगेला शिस्त लावणारी सोय) चालू करून त्यातलं केक हे तंत्र निवडलं आणि वेगाची मर्यादा 270 एमबीपीएस ठेवली. आता पॅकेटांची रांग इंटरनेट कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि केक ती नीट सांभाळतं. बॅकअप चालू असतानाही पिंग 15 च्या आत राहतो. या कामाला प्रोसेसर मात्र दमदार लागतो, म्हणून राउटर घेताना पोर्टपेक्षा आधी तो तपासावा असं माझं ठाम मत आहे.

आता राहिला बेडरूमचा टीव्ही. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6, 11 हे एकमेकांत न मिसळणारे तिन्ही चॅनल शेजारच्या टॉवरच्या राउटरांनी भरलेत, त्यामुळे त्यालाही केबलच ओढणार आहे.