चार फूट साडेअकरा इंच

आधी कबुली देऊन टाकते. या सहलीचं मूळ माझ्या नसत्या उठाठेवीत आहे.

गेल्या वर्षी पाय मोडून सहा आठवडे मेलबर्नच्या घरात पडून होते. मालिका बघूनही कंटाळा आला, तेव्हा नवऱ्याच्या आजोळची वंशावळ काढायला घेतली. मेलबर्नच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटाच्या दप्तरखान्याने जुनी कागदपत्रं इंटरनेटवर ठेवली आहेत, तीही फुकट. जन्म, लग्नं, मृत्यू, कोण कुठल्या जहाजातून उतरलं, सगळं. सासूबाई कायम सांगायच्या, "आमचे लोक स्वतःचं तिकीट काढून आले." त्यांना त्यांच्या आईने तसं सांगितलेलं, आईला तिच्या आईने. मी सासूबाईंच्या पणजीची जन्मनोंद शोधली, तीवरून पणजीच्या आईचं नाव मिळालं, ते सूचीत टाकलं आणि पान उघडलं. गुन्हा : घराला आग लावणे. शिक्षा : १५ वर्षं, समुद्रापार. म्हणजे कैदी म्हणून इकडे धाडलेली.

कुणाला न विचारता दुसऱ्याच्या घरातला माळा उपसायला गेलं की हे असं होतं. मी नवऱ्याला सांगितलं, तो हसला आणि त्याने रविवारच्या जेवणात आईला सांगून टाकलं. सासूबाईंनी काटाचमचा खाली ठेवला, भांडी आवरली आणि त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी हवापाण्यापलीकडे एक शब्द नाही. चौथ्या आठवड्यात फोन आला. "जायचं कधी?"

अट एकच होती : नाव कुठे लिहायचं नाही. म्हणून लिहीत नाही. मला ते जमण्यासारखंही आहे. या देशात सासूला नावाने हाक मारतात. लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझी जीभ वळत नाही. मी हाकच मारत नाही, जवळ जाऊन उभी राहते. एव्हाना त्यांना कळलंय की सून शेजारी उभी आहे म्हणजे काहीतरी बोलायचं असणार.

जुलैत गेलो. जुलैत टास्मानियाला जाऊ नका असं म्हणणार होते, पण तिकिटं स्वस्त होती म्हणून मीच काढली, त्यामुळे गप्प बसते. लॉन्सेस्टनला उतरून गाडी घेतली आणि दक्षिणेला होबार्टकडे निघालो. वाटेत रॉस नावाचं इवलंसं गाव लागतं. तिथला दगडी पूल १८३६ साली कैद्यांनी बांधलाय, कमानींवर १८६ कोरीव दगड आहेत. गावातल्या चौकाच्या चार कोपऱ्यांना मोह, मुक्ती, करमणूक आणि अधोगती म्हणतात, म्हणजे अनुक्रमे दारूचा गुत्ता, चर्च, टाउन हॉल आणि जुना तुरुंग. गावाबाहेर स्त्री-कैद्यांची जागा होती, १८४८ ते १८५४. आता तिथे गवत, मेंढ्या आणि कान कापणारा वारा. आम्ही पाय खाल्ले, म्हणजे मांस भरलेले ते खायचे पाय. नाशिकच्या माझ्या आईला फोनवर हे सांगताना दर वेळी गोंधळ होतो.

होबार्टमध्ये पहिला दिवस बंदरावर गेला. तिथे पाण्याकडे पाठ केलेल्या, नुकत्याच उतरल्यासारख्या ब्राँझच्या बायका उभ्या आहेत, सोबत एक पोर. रोवन गिलेस्पी या आयरिश शिल्पकाराने केलेली ही शिल्पं. २०१७ साली आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष येऊन अनावरण करून गेले. सासूबाईंनी लांबूनच बघितली. मी डर्वेंट नदीच्या पात्राकडे बोट करून सांगायला लागले : इथेच कुठेतरी ‘ॲन्सन’ नांगरून होतं, जुनं लढाऊ जहाज. १८४४ पासून नव्याने आलेल्या बायकांना आधी सहा महिने त्यात कोंडायचे, शिवण-टिपण शिकवायचे, मग लोकांच्या घरी कामाला धाडायचे. तुमच्या खापरपणजीही १८४८ साली आल्या म्हणजे...

"थंडी वाजतेय," सासूबाई म्हणाल्या. आम्ही खोलीवर परतलो.

आपल्याला ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमान आठवतं, कोलू आठवतो, सावरकर आठवतात. त्या चित्रात बाई नसते. अंदमानातही बायका धाडल्या होत्या हे मला ही उठाठेव करतानाच कळलं. ऑस्ट्रेलियाचं काळं पाणी त्याच्या आधीचं, १७८८ ते १८६८. ब्रिटन-आयर्लंडमधून १,६२,००० च्या आसपास माणसं आणून टाकली. त्यांतल्या बायकांचा आकडा इथे २५,५६६ असा सांगतात, कारण होबार्टच्या क्रिस्टिना हेन्री या कलावतीने प्रत्येक बाईमागे एक टोपडं शिवून घ्यायचा उपक्रम काढला होता. त्या काळच्या कामकरी बायकांचं असतं तसं, हनुवटीखाली नाडीचं, आपल्या कुंचीची मोठी बहीण. त्यावर त्या बाईचं आणि जहाजाचं नाव भरतकामाने काढायचं. सासूबाई गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळात आहेत, तेव्हा त्यांनीही एक शिवलं होतं. एका परक्या बाईच्या नावाचं. हे त्यांनी मला रॉसच्या वाटेवर सांगितलं, खिडकीबाहेर बघत, आणि लगेच मेंढ्यांबद्दल बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कॅस्केड्स फिमेल फॅक्टरी. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला धुराडी असलेली गिरणी डोळ्यांसमोर आली होती. तसं काही नव्हतं. दारूची भट्टी बंद पडली, ती सरकारने घेतली आणि १८२८ साली तिथे बायकांचा तुरुंग केला. काम करून घ्यायचे, म्हणजे धुणं, शिवण, सूतकताई, डांबरात बरबटलेले जुने दोरखंड नखांनी सोडवणं, म्हणून फॅक्टरी. जागतिक वारशाच्या यादीत आहे. उभ्या आहेत त्या मुख्यतः भिंती. आत मोकळी अंगणं, खोल्यांच्या जागी जमिनीवर आखलेल्या रेघा. जागा अशी हेरलीय की बांधणाऱ्याला शिव्याच द्याव्यात : डोंगराच्या सावलीत, ओढ्याच्या काठाला, दरीच्या तळात. दुपारी दोनलाच ऊन भिंतीवरून निघून गेलं आणि तळव्यांतून ओल वर चढायला लागली. या ओलीत तान्ही पोरं ठेवत. शेकडो मेली. जी जगली त्यांना आईचं दूध तुटलं की वेगळं काढायचं आणि दोन-तीन वर्षांची झाली की न्यू टाउनच्या अनाथाश्रमात. आई जिवंत असताना अनाथ.

आमच्या घोळक्यात एक धिप्पाड गृहस्थ होते. गाइडबाई शिक्षेच्या वर्गांबद्दल सांगत होत्या, सगळ्यात खालच्या वर्गातल्या बायकांच्या कपड्यांवर पिवळं ‘सी’ अक्षर शिवायचे वगैरे. गृहस्थ बायकोला म्हणाले, हळू म्हणाले पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू, "या बायका काय लायकीच्या होत्या ते जगाला ठाऊक आहे." दोघं-तिघं हसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. नाशिकात असते तर तिथेच उतरवली असती. पण इथे ज्यांचा मान होता त्या माझ्या शेजारी हातमोजे घालत होत्या, शांतपणे, एकेक बोट. मी गप्प राहिले. या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता सासूबाई म्हणाल्या, "त्या माणसाच्या बुटाच्या नाड्या सुटल्या होत्या. मी सांगितलं नाही."

खोलीतला हीटर त्या रात्री बंद पडला. मालकाला तीन मेसेज केले, उत्तर दुसऱ्या दिवशी दहाला आलं, तेही अंगठा. मी कुठेही जाताना सोलापुरी चादर घेऊन जाते आणि घरचे त्यावरून हसतात. त्या रात्री सासूबाई तीच चादर गुंडाळून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "वाच."

लॅपटॉपवर पान उघडलं. कारकुनाचं अक्षर बारीक, मोडीसारखं पळणारं, शब्द अर्धेच लिहून सोडलेले. मी महिनाभर आधीच लावून ठेवलेलं होतं, तरी हळूहळू वाचलं. खटला १८४७. गाव आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं. वय २०. कॅथलिक. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. काम : मोलकरीण. मग तिच्याच तोंडचं एक वाक्य : आग मुद्दाम लावली, इकडे धाडावं म्हणून.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक १८४५ पासून सडत गेलं, १८४७ ला तर तिथे ‘काळं सत्तेचाळीस’च म्हणतात. लोकांनी सरकारी रस्त्यांवर खडी फोडली, बायकांनी, पोरांनी. एवढं सांगताना मला माझ्या आजोळच्या बायका आठवल्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या. क्लेअरमध्ये सुकडीही पुरेशी नव्हती. तेव्हा काही बायकांनी डोकं चालवलं : किरकोळ काही चोरलं तर थोडके दिवस आत, पण गंजीला नाहीतर झोपडीला आग लावली तर जहाज. जहाजावर रोज जेवण.

"तिकीट," सासूबाई म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

शिक्षांची यादी छोटी होती. उलट उत्तर दिलं, एकांतकोठडी दहा दिवस. परवानगीशिवाय बाहेर राहिली, दोन महिने सक्तमजुरी, तीही त्या दुपारी पाहिलेल्या भिंतींच्या आत. पुन्हा उलट उत्तर. इथे सासूबाईंचा कोपरा किंचित हलला, ओठांचा. १८५२ ला लग्नाची परवानगी, कारण कैद्याला लग्नालाही सरकारची परवानगी लागे. १८५६ ला मुलगी, म्हणजे सासूबाईंची पणजी.

त्याच वर्षाच्या १ जानेवारीला बेटाचं नाव बदललं. तोवर ते व्हॅन डीमन्स लँड होतं, पण त्या नावाला कैद्यांचा वास येई. १८५३ ला नवे कैदी आणणं थांबलं आणि तीन वर्षांत टास्मानिया झालं. लग्नात ताम्हणातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, तसं. जुनं नाव घ्यायचं नाही, माहेरचं काही बोलायचं नाही.

मग वर्णनाचं पान. उजळ कांती, ठिपके असलेली. केस तांबूस. कपाळ अरुंद. डोळे निळसर करडे. नाक लहान. डाव्या अंगठ्यावर व्रण. माझ्या लेकीच्या नाकावरचे ठिपके मी बारा महिने सनस्क्रीनने लिंपत असते. उंची ४ फूट ११॥ इंच.

"बुटांसकट?"

"अनवाणी मोजायचे."

सासूबाई उठल्या. चादर खुर्चीवर टाकली, सपाता काढल्या, मोजेही काढले, आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या शिवणाच्या डबीत टेप होती. मी खोलीच्या नियमांची फाइल त्यांच्या डोक्यावर आडवी धरली आणि मोजलं. आम्हाला इतकी वर्षं पाच फूट एक सांगितलं होतं. भरली ४ फूट ११.

"वयाने माणूस अर्धा इंच आखडतं," त्या म्हणाल्या. त्यांनी चौकटीवर स्वतःच्या खुणेच्या जरा वर बोट टेकवलं, अर्ध्या इंचाच्या अंदाजाने, आणि ते तिथेच धरून उभ्या राहिल्या. फरशी बर्फासारखी गार होती. मी सपाता पुढे सरकवल्या, त्यांनी बघितलंच नाही.

मला वाईट काय वाटलं ते सांगते. हेवा वाटला. त्र्यंबकेश्वरला आमच्या गुरुजींच्या वहीत माझ्या माहेरची वंशावळ आहे. बाबा लहानपणी दाखवायला घेऊन गेले होते. नऊ पिढ्या, सगळे बापे. माझी पणजी, जिजी, तिथे नाही. तिचं सासरचं नाव पार्वती, ते तांदळात लिहिलेलं. माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नाही, फोटोही नाही. ब्रिटिश सरकारने जाळपोळ करणाऱ्या एका मोलकरणीच्या अंगठ्यावरचा व्रण लिहून ठेवला, आणि नऊ पोरं वाढवून सरळमार्गी मेलेल्या जिजीचं आमच्याकडे काय आहे? एक वाकलेली पळी.

सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा आईला फोन लावला. तिकडे दुपारचे साडेतीन, म्हणजे झोप मोडली.

"जिजी किती उंच होती गं?"

"हे काय आता? बरी आहेस ना?"

"सांग ना."

आई जरा थांबली. पंख्याची घरघर ऐकू येत होती. आई लग्न होऊन आली तेव्हा जिजी ऐंशीच्या पुढची.

"उंच कुठली," आई म्हणाली, "मागच्या दाराच्या वरच्या कडीला हात पुरायचा नाही तिचा. रोज रात्री मला हाक मारायची, कडी लाव म्हणून. आधी स्वतः टाचा उचलून बघायची हं, मगच हाक मारायची."

"ती कडी अजून आहे?"

"आहे की. का?"

"बाबांना सांग, जमिनीपासून कडीपर्यंत टेप लावून मोजायला."

"आत्ता?"

"आत्ता," मी म्हटलं, आणि फोन चालूच ठेवला.