तुम्ही विचारलंत म्हणून: चकमकीत साहेबानं, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्यानं, पुढे असावं की मागे?

प्रत्येक चकमकीनंतर हाच प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: मागे राहिला तो भित्रा.

पायदळातल्या प्लाटूनमध्ये (छोट्या तुकडीत) तीन सेक्शन, एकेकात साधारण दहा जण. हल्ल्यात प्लाटून कमांडर पुढच्या सेक्शनच्या लगेच मागे असतो, रेडिओवाला हाताच्या अंतरावर. पुढचे गोळीबारात अडकले की बगलेनं कोणाला पाठवायचं, हे त्याला तिथून दिसतं. तोच आडवा पडून रायफल चालवू लागला, तर त्याला फक्त समोरचा शत्रूचा मोर्चा दिसतो. राखीव सेक्शन हुकमाची वाट बघतो आणि पुढच्यांना आडोसा मिळावा म्हणून गोळीबार करत राहणाऱ्यांचा दारूगोळा संपत जातो. त्याचं खरं हत्यार रेडिओ.

नाकाबंदीतही तेच. अडथळे आडवेतिडवे लावायचे, म्हणजे गाडीचा वेग मोडतो. शस्त्रधारी समोरासमोर उभे करायचे नाहीत, ते एकमेकांच्याच गोळीच्या रेषेत येतात. गाडीजवळ एकानं जायचं, अधिकाऱ्यानं हेडलाइटच्या झोताबाहेर थांबायचं. इथवर मी ठाम असतो. पूर्वी इथेच थांबायचोही.

पण मग कोणीतरी गिरगाव चौपाटी काढतं. 26 नोव्हेंबर 2008 ची मध्यरात्र, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. कसाब आणि अबू इस्माईल या दहशतवाद्यांनी पळवलेली स्कोडा पोलिसांच्या अडथळ्यांच्या अलीकडेच थांबली, वळायला गेली आणि दुभाजकाला धडकली. अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी अबू इस्माईल पडला. दुसऱ्या बाजूला सहायक फौजदार तुकाराम ओंबळे, हातात फक्त लाठी. त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरली. गोळ्या अंगात गेल्या, पकड सुटली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी लाठ्यांनी त्याला आडवा केला. सशस्त्र माणसावर असं जायचं नसतं, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. पण ती नळी मोकळी राहिली असती, तर गोळ्या मागच्यांना लागल्या असत्या. कसाब जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला.

त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर हे पोलीस अधिकारी एकाच गाडीत गेले आणि तिघंही मारले गेले. ‘तिघं एकत्र का?’ हा प्रश्न रास्त आहे, वेगळ्या गाड्या हव्याच होत्या. मात्र जखमी सहकारी रुग्णालयात अडकलेला असताना गाड्यांची वाटणी करत बसणारा अधिकारी तुम्हाला चालला असता का? मला चालला असता, असं मी म्हणतो खरं. रात्री त्याच गल्लीचा नकाशा समोर घेऊन बसलो की तेवढ्या जोरात म्हणवत नाही.

ओंबळे माझ्या मांडणीत बसत नाहीत. पण त्यांचं नाव घेऊन ‘बघा, पुढेच जायला हवं’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: त्यांच्या हातात नुसती लाठी का होती?